साक्षीदाराची अमानत



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. खर्च आणि खेटे ही त्याची कारणे तुम्हांला ठाऊकच आहेत. परंतु पालकांशी बोलताना मला तिसरेच एक भय आढळले आहे. घरातली गोष्ट चव्हाट्यावर येईल, हे ते भय. कित्येक भगिनी आपला हक्क सोडतात त्या एवढ्याचसाठी. म्हणून विचारतो, न्यायासाठी सांगितलेली गुप्त गोष्ट राखण्याचा अधिकार न्यायालयाला आहे काय?

या प्रश्नाचा मोठा खल आपल्या मुंबईतच झाला. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर कृष्णराज ठाकरसी यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यापुढे 1964 साली त्याची सुनावणी चालू असता एका व्यापारी साक्षीदाराने विनंती केली की, माझी पहिली जबानी छापून आल्याने माझ्या धंद्याचे नुकसान झाले, आता पुढची तरी छापली जाऊ नये. न्यायमूर्तींनी ती मान्य केली. हुकूम तोंडीच दिला. दार उघडे, लोक बसलेले, पण छापायचे नाही!

वार्ताहर नरेश मिरजकर यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नऊ न्यायमूर्ती बसले. 1966 च्या निकालात सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या बाजूने सांगितले की, उघडी सुनावणी हाच नियम. परंतु ती न्यायासाठी आहे. प्रसिद्धीमुळेच न्यायाला बाध येत असेल, तर ती रोखण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे. हा हुकूमही त्यांनी खटला चालू असेपर्यंतचाच मानला.

आठ जण एकीकडे आणि एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला दुसरीकडे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि पुढे 1968 साली सरन्यायाधीश झालेले हे गृहस्थ. साक्षीदाराच्या धंद्याला झळ लागेल एवढ्या कारणासाठी न्यायालयातील कामकाज जनतेपासून झाकता येणार नाही, आणि न्यायाधीशाच्या हुकुमानेही मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो, असे त्यांचे मत पडले. आपला माणूस म्हणून नव्हे, पण मला ते मत पटते. व्यापाऱ्याची झळ आणि एखाद्या मुलीची अब्रू यांना एकच तराजू कसा लावावा? तरी अधिकार मुळीच नाही म्हणावे, तर त्या मुलीचे काय? येथे मन बहुमताकडे वळते. 2012 साली सेबी-सहारा प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी याच निकालाचा आधार घेऊन सांगितले की, गरजेपुरती आणि थोड्या काळापुरती प्रसिद्धी लांबणीवर टाकता येते.

कागदपत्रांचीही तीच गोष्ट. इंग्लंडमध्ये कोर्टाच्या आज्ञेने प्रतिपक्षाकडून मिळालेले कागद त्याच दाव्यापुरते वापरायचे, अशी हमी वकिलावर आपोआप येते. ते कागद म्हणजे अमानतच. एका वकीलबाईंनी भर कोर्टात वाचून झालेले कागद पत्रकाराला दाखवले. तरीही 1982 साली लॉर्डांच्या सभागृहात पाचपैकी तिघांनी त्यांना बेअदबीबद्दल दोषी धरले. भर कोर्टात वाचलेले पुन्हा गुप्त कसे, हे मला अजून उमगलेले नाही. पुढे तिकडेही तो नियम सैल करावा लागला.

असो. आता ज्यासाठी हे सारे सांगितले त्याकडे येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या 1984 च्या कायद्यातले 11 वे कलम म्हणते की, दोघांपैकी एका पक्षाने मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड घेतलीच पाहिजे. तेथे न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न नाही. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे दिवाणी न्यायालयातील कौटुंबिक दाव्यांनाही 1976 च्या दुरुस्तीने हीच सवलत मिळालेली आहे. मात्र मागितल्यावाचून ती हक्काने पदरात पडत नाही. तुमच्या ओळखीची एखादी भगिनी याच भयाने घरी बसली असेल, तर तिच्या वकिलांना पहिल्याच तारखेला तसा अर्ज द्यायला सांगा.