जागलीची बंदूक



वसंत व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरीपासून ग्रहताऱ्यांपर्यंत सारे विषय येतात. बंदूक क्वचितच येते. पण आम्ही केनवडचे. रिसोड तालुक्याच्या या काळ्या रानात तुरीला शेंग धरली की जागल सुरू होते. रोही येतात, रानडुकरे येतात, आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत तुडवून जातात. मग सकाळी पारावर प्रश्न निघतो, बंदूक घ्यायची तर कोणती? हल्ली काही तरुण मंडळी एक पाऊल पुढे जाऊन विचारतात की जुनी चकमकीची बंदूक मिळाली तर कशी? शिकारही होईल आणि हौसही फिटेल! या प्रश्नाला आम्ही प्रथम हसलो होतो. नंतर वाटले, हसण्याजोगा तो नाही.

प्रथम नळीचे पाहू. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी गिरकी घेत सरळ जाते. आपण बोलतो आहोत ती साध्या, गुळगुळीत नळीची बंदूक. तिच्यातून एकच गोळी सोडता येते, तसे मूठभर छर्रेही सोडता येतात. ‘बारा बोर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून ती बारा बोर. तिची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. वीस बोरची नळी याहून अरुंद. आकडा वाढला की नळी लहान होते, हे ध्यानात न घेता पुष्कळ जण मोठ्या आकड्याची बंदूक मोठी समजून बसतात.

आता पेट कशाने घ्यायचा? आधी तोड्याची बंदूक होती. जळती वात दारूला लावायची. पुढे चकमक आली. घोड्याच्या जबड्यात गार धरलेली असते. चाप ओढला की ती पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात, आणि नळीच्या बाजूच्या छिद्रातून तो जाळ आतल्या दारूला भिडतो. आपल्या आजोबांच्या बटव्यात चिलीम पेटवायला चकमक आणि कापूस असे, त्याचेच हे लष्करी रूप. याच वऱ्हाडात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानात वेलस्लीच्या पायदळाच्या हाती चकमकीच्याच बंदुका होत्या. पण तिथे शेकडो नळ्या एकदम एका फळीवर सुटत होत्या. एकट्या शिपायाचा नेम शंभर पावलांपलीकडे कोणी विचारीत नव्हते. जागल्यापुढे फळी नसते. अंधारात हलणारी एकच काळी पाठ असते.

चकमकीचा दोष शिकाऱ्यांना तेव्हाच कळला होता. स्कॉटलंडात अलेक्झांडर फोर्साइथ नावाचे एक पाद्री होते, पाणपक्ष्यांच्या शिकारीचे शौकीन. वाटीतला रंजक भडकलेला पाहून पक्षी बुडी मारीत, आणि छर्रे मागाहून पाण्यावर पडत. या वैतागातून त्यांनी ठोका बसताच पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे त्यातूनच तांब्याची टोपी आली. पाद्रीबोवांच्या हौसेने साऱ्या जगाच्या फौजांच्या बंदुका बदलल्या, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावे.

टोपी आली म्हणून धोका गेला, असे मात्र नाही. १९७२ च्या आधीची गोष्ट. आमच्या थोरल्या काकांकडे ठासणीची टोपीवाली बंदूक होती. भादव्यात ज्वारीच्या राखणीला ते माळ्यावर बसत, आणि एका रात्री हट्ट करून आम्हीही गेलो. दिवसभर झड लागलेली. मध्यरात्री ज्वारी सळसळली. काकांनी चाप ओढला, टोपी ‘टच्’ वाजली आणि बार झालाच नाही. डुकरे गेली की काय हे पाहण्यासाठी आम्ही पुढे वाकलो. काकांनी एका हाताने आमची मानगूट धरून मागे ओढले, म्हणाले, “हलू नको रे पोरा,” आणि नळी तशीच अंधाराकडे रोखून धरली. दोन-तीन श्वास गेले असतील. मग दणका झाला. ओली दारू आत धुमसत होती. बार बांधात गेला. त्या वेळी नळीपुढे कोणाचे डोके होते, हे आम्हांला खाली उतरल्यावर उमगले. काकांनी पुन्हा कधी पोराला माळ्यावर नेले नाही.

म्हणून निवडताना आम्ही आधी दिसणे पाहत नाही, पेट पाहतो. चकमकीची बंदूक असेल तर नळी आणि वाटी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, ती अंधाऱ्या खोलीत न्यावी आणि घोडा पाडून पाहावा. ठिणग्या भरपूर, पांढऱ्या, आणि नेमक्या वाटीत पडल्या पाहिजेत. इकडेतिकडे लाल कण उडत असतील तर पाते नरम आहे. मग कुंद्यावर चांदीची वेलबुट्टी असली तरी उपयोग नाही. छिद्र वाटीच्या पातळीला जुळलेले असावे. कुंदा खांद्याला लावताच डोळा आपोआप नळीच्या रेषेत यावा. मान वाकडी करावी लागली तर ती बंदूक दुसऱ्याच्या मापाची. नळी फार लांब घेण्यात अर्थ नाही, लांब नळीने मार दुप्पट होत नाही, हात मात्र दुखतो. आणि ठासणीच्या बंदुकीत काळीच दारू. काडतुसातली बिनधुराची दारू तिच्यात भरणे म्हणजे नळी आपल्याच तोंडावर फोडून घेणे.

आता कायद्याचे. तो कंटाळवाणा वाटतो, पण अर्धी निवड तोच करून टाकतो. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. पीकरक्षणाच्या परवान्यासाठी त्याने ठासणीची बंदूकच नेमली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तरच साध्या नळीची दुसरी बंदूक. राहिली शिकारीची हौस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवाने काढून शिकार करण्याची वाट होती; १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. रोही आणि रानडुक्कर आज दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो, पण बंदुकीचा परवाना म्हणजे ही परवानगी नव्हे. दोन कागद वेगळे, दोन कचेऱ्या वेगळ्या. या दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवता झिजवता तूर घरी येते किंवा येत नाही, ही शेतकऱ्याची तक्रार आम्हांला खोटी वाटत नाही.

ज्याला नेमाचाच आनंद हवा, त्याने जनावराच्या मागे कशाला लागावे? २००४ साली अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी रौप्यपदक मिळवले ते बारा बोरच्या साध्या नळीनेच, उडत्या मातीच्या चकत्या फोडून. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धाही भरतात. तिथे चकमकीच्या साध्या नळीने पन्नास मीटरवरचा कागद टिपतात. चकमकीची खरी जागा तिथे आहे. कोरडी हवा, दिवसाचा उजेड, मागे मातीचा बांध आणि हाती भरपूर वेळ. भादव्याच्या झडीत, माळ्यावर, झोपेने जड झालेल्या डोळ्यांच्या माणसाला ती आम्ही देणार नाही. त्याने परवाना मिळत असेल तर काडतुसाची एकनळी घ्यावी, ठासणीचीच मिळाली तर टोपीची घ्यावी, दारू कोरडी ठेवावी. आणि बहुतेक रात्री नुसत्या आवाजावर काम भागते, हेही ओळखून असावे. डुक्कर गोळीला भिते त्याहून दणक्याला अधिक भिते.

एक गोष्ट राहिली. मंडळींपैकी काहींच्या घरी दरवाज्यावर पणजोबांची बंदूक टांगलेली असेल. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला कायद्याने सूट दिलेली आहे. चालू शकत असेल तर परवाना हवा. पण ती चालते की नाही हे पाहण्यासाठी चाप ओढू नका. ती भरलेली असू शकते. अशा नळ्यांत कुणा पूर्वजाने ठासलेला बार पिढ्यान्‌पिढ्या तसाच पडून राहतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. नळी कोणाकडेही न रोखता, आपण बाजूला उभे राहून गज अलगद आत सोडा. तोंडापाशी त्यावर बोटाने खूण धरा, बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून पाहा. गजाचे टोक छिद्रापर्यंत पोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडे थांबले तर बंदूक पुन्हा खुंटीला लावा, पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, आणि उद्या सकाळी परवानाधारक बंदूक-कारागिराला घरी बोलवा.