एका रविवारची हकीकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मे महिन्यातला रविवार." त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि गेटसभांत. तेव्हा वेदान्तावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. रविवारवर मात्र आहे, कारण आयुष्याची तीस वर्षे मी लोकांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी भांडण्यात घालवली.

गेल्या रविवारचीच गोष्ट सांगतो. सकाळी सातला उठलो. ओटीवर बसून चहा घेतला, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचले. उकाडा असा की पंखा गरम वारा ढकलीत होता. एवढ्यात आमच्या मंडळींनी हाती दोन पिशव्या दिल्या आणि कामे तोंडी सांगितली. मिरकरवाड्याहून मासळी, आता 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्या बंद, तेव्हा सोडे आणि सुकट पावसाळ्याच्या बेगमीला. गिरणीतून दळण. छत्रीची काडी बसवून आणणे. कौले परतायला माणूस कधी येतो ते विचारणे. मीठ जाडे, बारीक नव्हे, आमसुलांसाठी. आगोटीच्या तोंडावर कोकणातल्या घरात दुसरे काय असणार?

बंदरावर गेलो, भाव ऐकून थोडा हबकलो, घासाघीस केली, हरलो. दळण टाकले. गिरणीवाला म्हणाला, तासाभराने या. तो तास मी पाराखाली बसून काढला, काहीही न करता. असा रिकामा तास काय चीज आहे हे ज्याला तो मिळत नाही त्यालाच ठाऊक. तिथे बसलो असता दुसऱ्या गिरणीची आठवण झाली.

माझे वडील लालबागला गिरणीत होते. 1911 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते. तेव्हा जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला. त्याच रांगेतले आमचे वडील. त्यांची आम्हांला येणारी पत्रे आईने पत्र्याच्या पेटीत जपली आहेत. परवा सहज तारखा ताडून पाहिल्या. सगळी रविवारची. आठवड्याचे सहा दिवस तो मनुष्य साच्याचा. सातव्या दिवशी आमचा बाप.

हा सातवा दिवस कोणी फुकट दिलेला नाही. 1881 चा पहिला कारखाने कायदा मुलांपुरता होता, मोठ्यांना त्यात काही नव्हते. पुष्कळ ठिकाणी रविवारीसुद्धा यंत्रे पुसण्यासाठी माणसांना बोलावीत. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे गेला. मागण्या काय, तर आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढल्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, आणि दुखापत झाली तर उपासमार होऊ नये. 'सूर्यास्तापर्यंत एवढेच काम' हे शब्द पुन्हा ऐका. ही मागणी होती!

त्यानंतर सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. पुढे 10 जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या कायद्याने ती देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. पुढे हिंदुस्थानने आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचा आठवडी विश्रांतीचा करार 1923 साली मंजूर केला. पण मूळ पाया परळच्या त्या सह्यांचा. लोखंडे 1897 साली प्लेगात गेले.

आता माझी कबुली. दळण घेऊन निघालो तेव्हा मिठाची आठवण झाली. वाटेतले एक दुकान, नाव सांगत नाही, रविवारी बंद असते. ते बंद राहावे म्हणून आम्हीच एके काळी फलक घेऊन उभे होतो. फळी अर्धी लावलेली, आत दिवा. मी वाकून म्हणालो, "दोन किलो जाडे मीठ द्या हो." आत एक विशीतला पोरगा पोती रचीत होता. त्याने मला ओळखले. मुकाट्याने मीठ बांधले आणि पैसे घेताना म्हणाला, "दादा, तुम्ही पण?"

मला उत्तर सुचले नाही. नियम मला पाठ आहेत. 1948 च्या मुंबई दुकाने कायद्याने लहान दुकानालाही आठवड्यातून एक दिवस टाळे लावायला लावले. 2017 साली त्याच्या जागी नवा कायदा आला, तेव्हा दहांपेक्षा कमी माणसे असलेली दुकाने त्याच्या बहुतेक नियमांतून सुटली. दुकान रोज उघडे ठेवावे, माणसाला पाळीपाळीने सुट्टी द्यावी, अशी ती योजना. पण ज्या दुकानात माणूस एकच, तिथे पाळी कोणाशी लावायची? आणि आपल्या गावात अशीच दुकाने जास्त. हे मी पुष्कळ सभांत बोललो आहे. त्या पोरापुढे बोलता आले नाही, कारण माझ्या हातात मीठ होते.

घरी येऊन हे सारे सांगितले. मंडळी अंगणात आमसुलांना पूट देत होत्या. रातांब्याची साले मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, पुन्हा बुडवायची, चार-पाच वेळा. आभाळ भरले की सगळे आत ओढायचे. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, त्या महालक्ष्मीच्या सभेत दोन बायका बोलल्या म्हणता ना? त्या सुट्टीच्या दिवशी घरी काय करीत असतील?"

मी म्हटले, "काय करणार?"

"स्वयंपाक. आणि धुणी, आठवड्याची."

तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही मालकाने घातला नव्हता. मी सदरा काढला, पाटावर बसलो आणि सुपातली साले पसरू लागलो. ऊन टाळूवर. बोटांच्या चिरांत मीठ शिरले. एका तासात कंबर धरली, आणि रांगा इतक्या वाकड्या झाल्या की त्यांनी तिन्हीसांजेला निम्म्या पुन्हा लावल्या. त्या दिवसापुरता कामाचा हिशेब काढला तर माझ्यामुळे त्यांचे काम वाढलेच. तरी पुढच्या रविवारी बसायचे ठरले आहे. वाद आहे तो एवढाच की दळण कोण आणणार.

मीठ आता शनिवारी आणतो. त्या पोराला भेटून त्याच्या पगाराचे आणि सुट्टीचे काय ते विचारले. तो बोलायला घाबरतो आहे. शेजारच्या दोन दुकानांतली मुले मात्र गुरुवारी आमच्या कचेरीत येऊन बसली होती. चहा घेतला, नावे सांगितली नाहीत. दुकानदारांशी भांडण न करता सगळ्या आळीने एकच वार बंद ठेवावा, असा त्यांचा विचार दिसतो. एकाने उघडले की सगळ्यांना उघडावे लागते, हे दुकानदारही कबूल करतात. इथे त्यांपैकी काही बसले आहेत, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला जरूर गाठावे.

अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. मंडपाची मुले मागे खुर्च्या उचलण्यासाठी केव्हाची ताटकळत उभी आहेत, आणि आजही रविवारच आहे. मी थांबतो.