चार भाषांच्या गावात आपले स्वागत

डॉक्टर, पत्रकार आणि भाषाअभ्यासक बंधुभगिनींनो,

सिद्धेश्वराच्या या नगरीत मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. युद्धकाळातल्या साथी आणि त्यांची भाषा, या परिषदेला सोलापूरइतके योग्य गाव नाही. इथे एका रिक्षात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू सहज ऐकू येतात. स्वातंत्र्यासाठी या गावाने किंमतही मोजली आहे. मे १९३० मध्ये ब्रिटिश सरकारने इथे मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. ही चार नावे घेताना आजही कंठ दाटतो.

पाचवे नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. जन्म सोलापूर, १९१०. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात ते होते. कोटणीस तिथलेच झाले. चिनी शिकले, जखमी सैनिकांशी त्यांच्या भाषेत बोलले. मुलाचे नाव पडले यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तिकडेच देह ठेवला. त्यांचे घर आज स्मारक आहे. ते पाहिल्याशिवाय कृपया परतू नका.

विषयाचा अधिकार आपला. मी घरातली एक आठवण सांगतो. माझी आजी १९१८ म्हणत नसे, ‘मानमोडीचं साल’ म्हणे. माणसाचे काय झाले, ते त्या नावातच आहे. इन्फ्लुएंझाच्या त्याच साथीला जगाने ‘स्पॅनिश’ म्हटले. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता. तटस्थ स्पेनमध्ये मात्र राजा आजारी पडल्याचेही छापून येत होते. जो बोलला, त्याच्याच माथी रोग बसला. आणि ती साथ हिंदुस्थानातली एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, याची रात्रभर रुखरुख होती. पाण्यासाठी टँकर मागवले आहेत, तरी आंघोळीला रांग लागेल. मंगल कार्यालयातल्या गाद्या पातळ आहेत. उन्हाला आमचा इलाज नाही. सांभाळून घ्यावे. यंत्रमागधारक बंधूंनी प्रत्येकासाठी चादर आणि टॉवेल दिला. विडी कामगार भगिनींच्या बचत गटाने पहाटे तीनपासून कडक भाकऱ्या थापल्या, शेंगाचटणी कुटली. व्यापारी मंडळे, मंडपवाले, आचारी, स्वयंसेवक विद्यार्थी आणि नाव छापू नका म्हणणारे दाते, या सर्वांचा मी ऋणी आहे.

एकच विनंती. परवा ठराव लिहायला बसाल तेव्हा ‘मानमोडी’ आठवा. सरकारला सोयीचा नव्हे, ज्याचे दुखते त्याला कळणारा शब्द निवडा. आमच्या गावात तो चार भाषांत तपासून घेता येईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र!