बाळंतिणीचे दूध आणि घराचा आधार

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या नांदगाव खंडेश्वर येथील वार्षिक संमेलनात महिलांच्या सभेपुढे झालेले व्याख्यान)



 मी विदुषी नव्हे. आरोग्यसेविका म्हणून तीस वर्षे वऱ्हाडातील खेडोपाडी फिरले आणि अनेक बाळंतिणींच्या बाजेशी बसले, एवढीच माझी शिदोरी. या व्यासपीठावरून दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांचा परिचय होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जो विद्यार्थी पुढे सत्कारास पात्र व्हावयाचा, त्याच्या आयुष्यातील पहिल्या सव्वा महिन्याविषयी आपण येथे क्वचितच बोलतो. आज त्याविषयीच बोलावे असे योजिले आहे.

प्रारंभी स्वतःचीच हकीकत सांगते. माझ्या पहिल्या बाळंतपणी घरात रीत होती की, पहिले तीन दिवस आईचा चीक पिळून टाकावयाचा आणि बाळाला गुळाचे पाणी चाटवावयाचे. चौथ्या दिवशी माझे स्तन दगडासारखे घट्ट झाले, बाळाच्या तोंडात धरेनात, थंडी वाजून ताप भरला. शेजारची एक वृद्ध बाई डोकावली आणि म्हणाली, ‘‘पोराचं पोट भरून नाई राह्यलं वं, बाईले दूधच नाई.’’ ते वाक्य घरातील सर्वांनी उचलले. बाटली आली, बाटलीपाठोपाठ हगवण आली, आणि माझा मुलगा केवळ दैव बलवत्तर म्हणून वाचला. त्या वेळी मला दूध नव्हते असे नव्हे. दूध इतके होते की त्याच्या साठ्यानेच मला ताप आला होता. त्याला वाट करून देणारे माणूस मात्र घरात कोणी नव्हते.

माझी व्यथा काही निराळी नव्हती. आनंदीबाई जोशी यांची कथा आपण शाळेत वाचलेली आहे. 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी पुत्र झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्या दुःखातूनच त्यांचा वैद्यकाचा ध्यास जन्मला. 1886 साली अमेरिकेत त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. दुसऱ्याच वर्षी त्या निवर्तल्या. एका बाळंतिणीच्या दुःखाने जे काम आरंभिले, ते घरोघरी पुरे करणे हे आपल्यासारख्यांचे कर्तव्य आहे.

आता मुद्द्याकडे वळू. आपण शेतकरी आहोत. गाय व्याली म्हणजे वासराला चीक पाजल्याशिवाय आपण खरवसाचे भांडे पुढे करीत नाही. कारण चिकावाचून वासरू धरत नाही, हे आपणांस ठाऊक असते. मग आपल्याच नातवंडाच्या वाट्याचा चीक आपण का टाकावा? तो पिवळसर, दाट आणि थोडाच असतो. परंतु रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. पहिल्या दिवशी बाळाचे पोटही इवलेसे असते, त्याला तेवढेच पुरते. म्हणून जन्मल्यापासून एका तासाच्या आत बाळाला आईच्या उघड्या छातीशी द्यावे. मध, गूळपाणी, बाळगुटी यांपैकी काहीही देऊ नये. मध तर एक वर्षापर्यंत वर्ज्य समजावा. त्यातून क्वचित का होईना, प्राणघातक विषबाधा होते.

दाट दूध उतरावयास दोन ते चार दिवस लागतात. नेमक्या याच दिवसांत ‘दूध नाही’ हा शब्द घरात शिरतो. तो उच्चारण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, बाळ धरते कसे? त्याचे तोंड मोठे उघडलेले असावे, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि स्तनाग्राभोवतालचा काळसर भागही बराचसा तोंडात असावा. नुसते अग्र चोखले तर बाळाला दूध मिळत नाही आणि आईला मात्र चिरा पडतात. चिरा पडल्या म्हणून पाजणे थांबवू नये. धरण्याची पद्धत सुधारावी आणि पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचा थेंब तेथे वाळू द्यावा. दुसरी, बाळाला मिळते किती? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे, असे निश्चित समजावे. बाळाचे वजन पहिल्या काही दिवसांत थोडे घटते आणि दोन आठवड्यांच्या आत बहुधा भरून येते. तसे न झाल्यास, किंवा बाळ सुस्त होऊन ओढेनासे झाल्यास, घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा.

दूध वाढविण्याचा खरा उपाय म्हणजे वारंवार पाजणे. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा बाळाला घ्यावे. जेवढे रिकामे होईल, तेवढे नवे तयार होते. स्तन घट्ट झाल्यास आधी ऊन फडक्याने शेकून हाताने थोडे दूध काढावे, म्हणजे बाळाला धरता येते. पाजल्यावर थंड फडके ठेवावे. एखादा भाग लाल होऊन दुखू लागला आणि ताप आला तर डॉक्टरांचे औषध घ्यावे, मात्र पाजणे चालूच ठेवावे. मी थांबविले होते, तीच माझी चूक झाली.

आणखी एक गोष्ट. दावणीशी अनोळखी माणूस उभे राहिले, कोणी दांडगाई केली, की गाय पान्हा चोरते, हे आपणांस सांगावे लागत नाही. बाईचेही तसेच आहे. ‘हिला दूध नाही’, ‘हिच्या आईलाही नव्हते’, असे बाजेपाशी बोलले गेले की तिचा पान्हा अडतो. हे मी केवळ इतरांना दोष देण्यासाठी सांगत नाही. गतवर्षी माझी सून बाळंतीण झाली. तिसऱ्या रात्री नात रडू लागली, आणि जे वाक्य मी जन्मभर खोडीत आले, तेच माझ्या तोंडून बाहेर पडले: ‘‘हिला पुरत नाही वाटते.’’ सून काही बोलली नाही. तिचे डोळे भरले. माझ्या बाजेपाशी पडलेला तो शब्द मी इतकी वर्षे जपून ठेवला होता, याची मला लाज वाटली. मी तिच्या पाठीशी उशी दिली, बाळ नीट धरविले, आणि रात्रभर तिच्याजवळ बसून राहिले. आठ दिवसांत नातीचे वजन वाढीला लागले.

आता बाळंतिणीच्या प्रकृतीविषयी. आपल्याकडे तिला पाणी तोडण्याची आणि पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवण्याची चाल अजून कोठे कोठे आहे. ती सोडावी. डिंकाचे व अळिवाचे लाडू अवश्य द्यावे. पण ते वरण, भाकरी, पालेभाजी यांच्या जागी नव्हेत, त्यांच्या जोडीला. तहान लागेल तेवढे पाणी द्यावे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यावयाच्या असतात. वैशाखात आपला वऱ्हाड भट्टीसारखा तापतो, तेव्हा बाळाला पाण्याचे बोट लावण्याचा मोह होतो. सहा महिनेपर्यंत बाळाला पाण्याची गरज नाही. पाणी आईने प्यावे, ते दुधावाटे बाळाला पोचते. सहा महिन्यांनंतर वरचे मऊ अन्न सुरू करून दोन वर्षे व पुढेही अंगावर पाजावे.

काही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब करू नये. तासाभरात घडी भिजून जाईल इतका रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव व ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके, एकाच पायाला सूज, छातीत दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास तालुक्याचे रुग्णालय किंवा अमरावतीचे ‘डफरीन’ गाठावे. पहिल्या काही दिवसांतले रडू येणे बहुधा आपोआप ओसरते. परंतु दोन आठवड्यांनंतरही बाळंतीण उदास राहील, बाळाकडे पाहणार नाही, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलेल, तर ती नखरा करीत नाही, तिला बाहेरची बाधाही झालेली नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे. जिवाचे बोलणे निघाल्यास तिला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

घरी येऊन पाहणाऱ्या माणसाचे मोल किती, हे आपल्या विदर्भातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरोघर देखभाल करविली, आणि तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आपल्या गावची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी येते, ती या अनुभवाचीच फलश्रुती होय. तिला ओसरीवरून परत पाठवू नका. आत न्या, बाळाचे वजन करू द्या.

ज्या बाळाला आईचे दूध खरोखरच मिळू शकत नाही, त्याची सोय डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी, आणि त्या मातेस बोल लावू नये. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी निघाली; एका आईचे दूध तेथे दुसरीच्या लेकराला जीवदान देते. दुधाच्या डब्यांची जाहिरात करण्यास 1992 च्या कायद्याने बंदी केली आहे. तेव्हा बारशाच्या आहेरातही डबा आणि बाटली नको.

नोकरी करणाऱ्या अनेक भगिनींना 2017 पासून सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. कापूस वेचावयास जाणारीला कोण रजा देणार? ती रजा तिच्या घरानेच दिली पाहिजे. सासूने घागर उचलावी, नणंदेने चूल सांभाळावी, आणि बंधूंनो, रात्री रडणारे बाळ तुम्ही खांद्यावर घ्यावे. त्यात पुरुषार्थास उणेपणा येत नाही.

मंडळाकडे माझी एकच विनंती आहे. ज्या घरी पाळणा हलेल, तेथे आपल्या महिला शाखेच्या दोघी अनुभवी भगिनींनी पहिल्या आठवड्यात जावे. लाडू नेले नाहीत तरी चालेल. बाळंतिणीजवळ घटकाभर बसावे, आणि ‘दूध नाही’ हा शब्द त्या घरात कोणाला उच्चारू देऊ नये.