निकालाची वाट पाहताना

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अभ्यासिकेच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल आभार. आम्ही काही वक्ते नाही. संध्याकाळी इथेच, याच सतरंजीवर, सातवी-आठवीच्या मुलांना गणित नि बुद्धिमत्ता शिकवणारी आम्ही चार-पाच माणसं. तेव्हा भाषण कमी आणि हिशोब जास्त, असंच होणार. सांभाळून घ्या.

आपल्या वस्तीतली आठवीची मुलं जी शिष्यवृत्ती परीक्षा देतात, तिचं सरकारी नाव लांबलचक आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती. आपण तिला नुसतं 'एनएमएमएस' म्हणतो. केंद्र सरकारने ही योजना 2008 साली सुरू केली. तेव्हा महिन्याला 500 रुपये मिळायचे, 2017 पासून ते 1,000 झाले. नववी ते बारावी, चार वर्षं. म्हणजे एकूण 48,000 रुपये. ज्या घरात बाप नाक्यावर कामाला उभा राहतो आणि आई चार घरची धुणीभांडी करते, त्या घरात या आकड्याला काय अर्थ असतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

परीक्षा एका दिवसात आटोपते. एक पेपर बुद्धिमत्तेचा, एक शालेय विषयांचा, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. मुलं पेपर देऊन येतात आणि क्रिकेट खेळायला लागतात. खरी परीक्षा सुरू होते ती आईबापांची. कामावरून आलं की पहिला प्रश्न, "लागला का निकाल?" कोणाच्या तरी मोबाईलवर काहीतरी मेसेज येतो, सगळी गल्ली गोळा होते, आणि कळतं की ती फक्त उत्तरसूची आहे. पुन्हा वाट.

इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी निकाल आला. एका मुलीच्या नावापुढे चांगले गुण होते, 'पात्र' असा शेरा होता. आम्ही याच सभागृहात तिचं नाव पुकारलं, पुष्पगुच्छ दिला. तिच्या आईने उसने पैसे काढून पेढे वाटले. पुढे निवडयादी आली. तिच्यात मुलीचं नाव नव्हतं.

चूक मुलीची नव्हती, परीक्षा परिषदेचीही नव्हती. चूक आमची होती. आधी येते ती गुणांची यादी. पात्र होणं म्हणजे किमान गुण मिळवणं. शिष्यवृत्तीसाठी निवड होते ती जिल्ह्याच्या आणि प्रवर्गाच्या कोट्याप्रमाणे, गुणानुक्रमे. पात्र झालेली पुष्कळ मुलं त्या दुसऱ्या यादीत नसतात. शिकवणाऱ्या आम्हालाच हा फरक नीट माहीत नव्हता.

त्याहून वाईट ते पुढचं. पुष्पगुच्छ द्यायला आम्ही सगळे होतो. निवडयादीनंतर दोन आठवडे तिच्या घरी आमच्यातला एकही गेला नाही. काय तोंड दाखवायचं, म्हणून. मुलगी अभ्यासिकेला यायची बंद झाली. शेवटी तिची आईच विहाराच्या दारात आली आणि म्हणाली, "सर, पेढे लोकांकडून परत मागायचे का?" ती रागावून बोलली नाही. खरंच विचारत होती. आम्हाला उत्तर देता आलं नाही.

बंधू-भगिनींनो, वाट पाहणं आपल्या समाजाला नवं नाही. 1956 साली आपण धम्म स्वीकारला. राज्याच्या सवलती महाराष्ट्रात आधी मिळाल्या, पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडलं. मधली 34 वर्षं आपल्या आधीच्या पिढीने अर्ज, मोर्चे आणि निवेदनं यांत काढली. पण त्या काळात त्यांनी पोरांच्या शाळा बंद केल्या नाहीत. म्हणून आज आपण इथे बसलो आहोत.

बाबासाहेबांचंच बघा. 1907 साली ते मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांची महिना 25 रुपयांची मदत कॉलेजसाठी मिळाली. 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. हे आपण दर जयंतीला सांगतो. पण पुढचं कमी सांगतो. 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावं लागलं. तीन वर्षं त्यांनी नोकरी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचीही मदत झाली, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती थांबली म्हणून शिक्षण थांबवलं नाही. आणि स्वतःला जे सोसावं लागलं ते ध्यानात ठेवून, व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 साली त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्तीची तरतूद करून घेतली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच.

आता त्या मुलीचं सांगतो. आमच्यातली एक ताई रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसायला लागली. अभ्यासाचं काही बोलायची नाही, नुसती बसायची. महिन्याभराने मुलगी परत आली. एनएमएमएस तिला मिळाली नाही ती नाहीच. नववी-दहावीच्या वह्या-पुस्तकांना आईने कसे पैसे उभे केले ते आईलाच माहीत. आज ती अकरावीला आहे आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा तिचा अर्ज आम्ही इथेच बसून भरला. सगळं छान झालं असं म्हणणार नाही. पण ती शिकते आहे.

दुसरा प्रकार याच्या उलट. एका मुलाची निवड झाली, पहिल्या वर्षाचे पैसे खात्यात आले. आम्ही निश्चिंत. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज राहून गेला. शाळेने सांगितलं "झालं आहे", बापाने विश्वास ठेवला, आम्ही विचारलं नाही. ते वर्ष गेलं. मिळालेली शिष्यवृत्ती हातातून निसटली.

म्हणून सर्व पालकांना हात जोडून काही गोष्टी सांगतो. आधारवर, शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर मुलाचं नाव एकसारखं आहे का, हे निकालाची वाट पाहतानाच तपासा. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. मर्यादा साडेतीन लाखांची आहे. गुणयादीत नाव, जन्मतारीख वा प्रवर्ग चुकला असेल तर मुदतीत मुख्याध्यापकांना भेटा. दुरुस्ती शाळेमार्फतच होते. निवड झाली तरी आठवीत 55 टक्के लागतात, आपल्या मुलांना त्यात 5 टक्के सूट आहे. आणि नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं. शाळेने अर्ज पडताळला का, ते तोंडी विचारू नका, डोळ्यांनी बघा. ज्यांना मोबाईलवर बघता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी इथे यावं. आम्ही बघून देऊ.

आणि आमच्यासाठी अभ्यासिकेने एक नियम केला आहे. यंदापासून निवडयादी लागेपर्यंत कोणाचाही सत्कार नाही. यादी लागली की त्याच संध्याकाळी, ज्यांचं नाव आलं नाही त्यांच्या घरी आधी जायचं. सत्कार नंतर.

याही वर्षी आपल्या वस्तीतली मुलं परीक्षेला बसली आहेत. त्यांतली काही इथे पुढे बसली आहेत. बाळांनो, निकाल कधी लागेल ते आमच्या हातात नाही, तुमच्याही नाही. उद्या संध्याकाळी सहा वाजता मात्र वर्ग आहे. वह्या घेऊन या.

जयभीम, नमो बुद्धाय.