पेशींची हस्तपत्रके



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. मी सातवीनंतर शाळा सुटलेला, कारखान्याच्या फाटकावर आणि उसाच्या फडात सभा घेणारा माणूस. कर्करोगाच्या लशीवर मी बोलणार, हे ऐकून पिंपळीतल्या माझ्या शेजाऱ्यांनाही हसू आले. म्हणून या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक सभासद रात्री घरी आला. त्याच्या बायकोला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झालेला. कोणा दलालाने त्याच्या कानात घातले होते की 'एक्झोसोम' नावाचे नवे इंजेक्शन निघाले आहे, ती कर्करोगावरची लसच आहे, आणि दोन लाख रुपये पडतील. "आण्णा, वीस गुंठे आहेत. विकू का?" एवढेच त्याने विचारले. बोनसवर मी तासभर बोलेन. इथे माझी जीभ उचलेना. उद्या सांगतो म्हणालो. तो 'उद्या' उजाडायला तीन आठवडे लागले. एका तरुण डॉक्टरांना गाठले, पुतणीकडून इंग्रजी कागद वाचून घेतले, एकेक शब्द वहीत उतरवला. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीभोवती पातळ, स्निग्ध असे पटल असते. त्याच पटलात गुंडाळलेल्या अतिसूक्ष्म पुड्या पेशी बाहेर सोडीत असतात. एका मीटरचे अब्ज भाग करा; तसल्या तीस ते दीडशे भागांएवढी एक पुडी. डोक्याच्या केसाच्या जाडीत शेकडो पुड्या ओळीने बसतील. १९८३ साली कॅनडातील माँट्रियल येथे रोझ जॉनस्टन या विदुषी मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशी तपासत होत्या, त्यांना या पुड्या दिसल्या. १९८७ साली 'एक्झोसोम' हे नाव पडले. पेशी आपला केरकचरा बाहेर टाकते, इतकाच तेव्हाचा समज.

पुढे १९९६ साली असे दिसले की काही पुड्यांच्या पटलावर परक्या पदार्थाचे तुकडे अडकवलेले असतात, आणि ते पाहून शरीराचे संरक्षक पेशीदल जागे होते. हे वाचले आणि मला एकदम आमचे हस्तपत्रक आठवले! पुढारी प्रत्येक खात्यात जाऊ शकत नाही, पत्रक जाते. शरीरात पहारेकरी पेशी असतात. त्या शत्रूचा तुकडा उचलून सैनिकांना दाखवतात. त्यांनी सोडलेली पुडी म्हणजे शत्रूचे चित्र छापलेले पत्रक. १९९८ साली पॅरिसमध्ये लॉरेन्स झिटव्होगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहारेकरी पेशींना गाठीचे तुकडे दाखवले, त्यांच्या पुड्या गोळा केल्या आणि गाठी झालेल्या उंदरांना टोचल्या. काही गाठींची वाढ खुंटली, काही नाहीशाच झाल्या.

पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. २००५ साली त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या पंधरा रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुड्या टोचल्याने मोठा अपाय होत नाही, एवढे ठरले. मग फुप्फुसाच्या कर्करोगाचे बावीस रुग्ण घेतले. निदान निम्म्यांचा रोग चार महिने तरी वाढू नये, अशी अपेक्षा होती. २०१६ साली निकाल आला: बावीसपैकी सात. अपेक्षा फसली, आणि त्या लोकांनी ती फसल्याचे छापून सांगितले. मला त्यांचा फार आदर वाटला. आमच्या चळवळीत फसलेल्या संपाचा अहवाल कोण छापतो?

आणखी एक गंमत आहे. पत्रके काय फक्त युनियनच काढते? मालकही काढतो. कर्करोगाची गाठसुद्धा पुड्या सोडते, आणि त्यांतल्या काहींवर सैनिक पेशींना 'थांबा' म्हणणारी खूण असते, असे २०१८ साली दाखवण्यात आले. तेव्हा 'एक्झोसोम' म्हटले की औषधच, असे नाही. कुणी काढलेले पत्रक, हे बघावे लागते. संशोधन चालू आहे आणि ते चालावे. पण आजवर अशा पुड्यांच्या कर्करोगावरील लशीला रीतसर मान्यता मिळालेली नाही. मी सभासदाला सांगितले, वीस गुंठे विकू नकोस. बायकोला किरणोपचाराला ने. त्याने नेले.

पण तीन आठवड्यांत मला दुसरीही एक गोष्ट सापडली, आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच मी आज उभा आहे. त्या माउलीला जो कर्करोग झाला, तो बहुतेक एका विषाणूमुळे होतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांना या शोधाबद्दल २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूवर लस आहे. तिच्यात पटलाची पुडी नसते. विषाणूचे नुसते प्रथिनांचे कवच असते, आत काही नाही. रिकामी काडतुसेच म्हणा. पुण्याच्या सीरम संस्थेच्या अशा लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. झालेला रोग ती बरा करीत नाही. मुलगी लहान असतानाच टोचायची असते.

आणि वयात आलेल्या बायांचे काय? त्याचे उत्तर इथून फार लांब नाही. १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी परदेशी संशोधकांबरोबर १,३१,७४६ बायांचा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या बाया. निकाल २००९ साली आला. ज्या गटाची त्या विषाणूसाठी फक्त एकदा तपासणी झाली, त्यातील ३४,१२६ बायांपैकी ३४ या रोगाने गेल्या. ज्यांना नेहमीच्या परिस्थितीवर सोडले, त्या ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. आयुष्यात एकदा तपासणी, आणि मरण जवळजवळ निम्मे! त्या चौसष्टांचा विचार माझ्या मनातून जात नाही, हेही सांगून ठेवतो.

आता आपल्या फडातले बघा. बीडहून कोयता येतो, नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई पोट दुखते म्हणून एक दिवस बसली तर खाडा पडतो, दंड कापला जातो. डॉक्टरकडे गेली तर 'कर्करोग होईल, पिशवी काढून टाक' असे ऐकते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीडमधील ८२,३०९ बायांची पाहणी पुढे आणली. १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. ज्या भीतीने पिशवी काढली, त्या भीतीचा खरा उलगडा एका साध्या तपासणीने झाला असता. ती तपासणी कोपीपर्यंत कोणी नेली नाही. आम्हीही नाही. मजुरीचा दर, मुकादमाची उचल, सगळे मागितले. तपासणी मागणीपत्रात कधीच नव्हती. गेल्या गळिताला ती आम्ही पहिल्यांदा लिहिली.

तो सभासद आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. बायको घरी आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. मुलगी तेरा वर्षांची. तिला लस टोचून आणली. वीस गुंठ्यांत यंदा कांदा आहे.

कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे. डॉक्टरांनाही मी मुद्दाम बोलावून आणले आहे, ते या बाजूला बसले आहेत.