एकाच बागेत पुन्हा पुन्हा



नव्या गावी उतरल्यावर कुणी आधी देवदर्शनाला जातं, कुणी बाजारात. मी तिथल्या जुन्या बागेचा रस्ता विचारते. खांद्यावर कॅमेरा आणि पिशवीत एक वही असते. प्रवास, बागा, फोटो आणि लेखन या माझ्या आवडी एकमेकींना धरूनच वाढल्या. त्यांनी मला एक सवय लावली: पाहिलेल्या बागेत पुन्हा जायचं, वेगळ्या ऋतूत जायचं. आज त्याविषयीच बोलणार आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. मुलांना घेऊन आपण तिथे प्राणी पाहायला जातो. पण झाडांसाठी वेगळी सकाळ काढावी अशी ती जागा आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच तिथे आहे, थेट खोडावर फुलं धरणारा कैलासपती आहे, आणि उर्वशी आहे. उर्वशीचे लालभडक फुलोरे झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा रंग असतो. फुलोरा पाहिला की माणसाला वाटतं, झाड पाहून झालं. पण तिला नवी पालवी फुटते तेव्हा पुन्हा जावं. तांबूस, मऊ पानं मलूल झाल्यासारखी लोंबत असतात. मग हिरवी होत होत ताठ होतात. हे दोन्ही फोटो शेजारी ठेवल्याशिवाय उर्वशी कळत नाही.

हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. नॅथानिएल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते तिथल्या एका मठाच्या बागेत दिसलं. वॉलिच तेव्हा कलकत्त्याजवळच्या शिबपूर इथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. हे वाचल्यावर शिबपूरला जाणं आलंच.

हुगळीकाठचं ते उद्यान १७८७ साली रॉबर्ट किड यांनी सुरू केलं. जहाजांसाठी साग आणि व्यापारासाठी मसाले इथे वाढवता येतील, असा त्यांचा विचार होता. आज लोक येतात ते तिथल्या वडासाठी. अडीचशे वर्षांहून जुना हा वृक्ष दीड हेक्टरच्या वर पसरला आहे. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत त्याला इजा झाली, मूळ खोडाला बुरशी लागली आणि १९२५ साली ते खोड काढून टाकावं लागलं. तरी झाड जिवंत आहे, वाढतं आहे. तीन हजारांहून जास्त पारंब्यांनी त्याला पेललं आहे. अख्खा वड कॅमेऱ्यात मावत नाही. पारंब्यांमधून चालणारा एखादा माणूस चौकटीत घेतला, तर त्याच्या आकाराची थोडी कल्पना येते. पण मूळ खोड आता नाही, ही एवढी मोठी गोष्ट कोणत्याही फोटोत दिसत नाही. ती खाली लिहूनच ठेवावी लागते. म्हणून पिशवीतली वही मला कॅमेऱ्याइतकीच महत्त्वाची वाटते.

बंगळूरच्या लालबागेची आखणी हैदर अलीने १७६० साली सुरू केली आणि टिपू सुलतानाने ती पुढे नेली. तिथलं काचघर १८८९ च्या सुमाराचं. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरतं आणि गर्दी लोटते. बागेतच सुमारे ३०० कोटी वर्षं जुना खडक उघडा पडलेला आहे. फुलं पाहून झाली की त्यावर जाऊन बसावं. पण बंगळूरला वेगवेगळ्या महिन्यांत जावं असं मी म्हणते ते गुस्ताव क्रुम्बिगेल यांच्यामुळे. जन्माने जर्मन असलेले हे उद्यानतज्ज्ञ आधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात होते. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात आले. एका झाडाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा क्रमाने रस्त्याकडेला झाडं लावण्याची कल्पना त्यांनी बंगळूरमध्ये रुजवली. थंडीत गुलाबी तबेबुया, मार्चच्या सुमारास जांभळा जॅकरँडा, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर. असं शहर एका भेटीत पाहून होत नाही.

आता थोडं फोटोंविषयी. साधा मोबाइलही पुरतो, वेळ मात्र नीट निवडावी लागते. भर दुपारच्या उन्हात लाल फुलाचा नुसता डाग उमटतो. सकाळी किंवा ढगाळ दिवशी पाकळीवरच्या रेषाही येतात. पालवी टिपायची तर ऊन पानाच्या मागून येईल असं उभं राहावं, शीर न् शीर दिसते. आणि नुसत्या फुलावर थांबू नये. पूर्ण झाड, साल, पान, फूल आणि असेल तर फळ, असे वेगवेगळे फोटो घ्यावेत. नाव माहीत नसलेलं झाड एकट्या फुलावरून ओळखणं जाणकारांनाही अवघड जातं. खाली जागा आणि तारीख लिहावी. तारखेमुळेच पुढच्या वर्षी सांगता येतं, की बहर यंदा लवकर आला की उशिरा.

श्रोतेहो, यासाठी दूर जायलाच हवं असं नाही. तुमच्या गावातल्या बागेत, कचेरीच्या आवारात, शाळेमागे एखादं जुनं झाड असेलच. वर्षभर प्रत्येक ऋतूत त्याचा फोटो घ्या आणि खाली चार ओळी लिहा. उद्या वादळात ते पडलं किंवा रस्ता रुंद करताना गेलं, तर तिथे काय उभं होतं, ते कधी फुलत होतं, हे तुमच्या वहीतून गावाला कळेल. आणि ते टिकलं, तर तुमच्या नातवंडांना आपल्या आणि तुमच्या तारखा ताडून पाहता येतील. आपण हिंडलो-फिरलो त्याचा इतका उपयोग झाला, तर मला फार आनंद वाटेल.